गेटाबाहेरचा हंगाम

७८६

भिसेगाव, कर्जत
१४ डिसेंबर २०२५

प्रिय वाल्मिक यास,

लियाकतचे स. स. वि. वि. (सप्रेम सलाम, विनंती विशेष. तुझ्या ‘स. न. वि. वि.’ला हे माझं उत्तर भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हापासून चालू आहे. अजून कुणी हरकत घेतलेली नाही.)

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्यावर बंदी आली आहे. घाबरू नकोस, सरकारची नाही, नातीची. फिझा, आमच्या थोरल्या लेकीची लेक, कर्जतच्या मुलींच्या फुटबॉल संघात पुढे खेळते हे तुला ठाऊक आहेच. तिला पहिला चेंडू तूच आणून दिला होतास आणि आमच्या खिडकीची पहिली काच त्याच चेंडूनं गेली. यंदा जिल्ह्यातल्या मुलींची स्पर्धा सुरू आहे. गटातल्या पहिल्या दोन सामन्यांना मी गेलो, दोन्ही हरल्या. तिसऱ्या दिवशी गुडघा धरला म्हणून घरी राहिलो, तर चार गोलनं जिंकल्या. त्या संध्याकाळी पोरीनं माझ्या गुडघ्याला तेल लावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की नाना, तुम्ही आता येऊ नका, तुम्ही पनवती आहात.

आता हा शब्द तिला शिकवला कुणी? मीच. वर्षातून चार वेळा, ईदला पाहुणे आले, लग्नात मांडवात बसलो, की मी तीच गोष्ट सांगतो. तुला ती पाठ आहे, पण या वेळी मी ती दुसऱ्या बाजूनं सांगणार आहे, तेव्हा ऐक.

दोन हजार पाच-सहाचा हंगाम. आपण दोघं भिवपुरीच्या वीजघरात एकाच शिफ्टला. मुंबईचा तो लाल जर्सीवाला महिंद्र युनायटेड आपला संघ, कूपरेजचं मैदान आपलं. त्याच्या आदल्या हंगामात तू माझ्याबरोबर तीन सामने पाहिलेस आणि तिन्हींतला एकही आपण जिंकलो नाही. तेव्हा मी, डिप्लोमा केलेला माणूस, ज्याच्या भरवशावर टर्बाइन फिरत होतं, त्यानं शांतपणे विचार करून दोष शोधून काढला. दोष तुझ्यात होता. मग नियम केला. तू माझ्याबरोबर कूपरेजपर्यंत यायचंस, कारण एकट्याला प्रवासात कंटाळा येतो आणि सुंदरावहिनींच्या तांदळाच्या भाकरीचा डबा तुझ्याकडे असतो. पण आत यायचं नाही. गेटाबाहेर झाडाखाली बसायचं, मैदानाकडे पाठ करून.

आणि तू बसलास! त्या वर्षी आपला संघ फेडरेशन चषक जिंकला, मग कलकत्त्याच्या दोन्ही बड्या संघांना मागं टाकून राष्ट्रीय लीग जिंकला. अख्ख्या हिंदुस्थानात एक नंबर. आणि तू एकही गोल पाहिला नाहीस. ही गोष्ट मी वीस वर्षं विनोद म्हणून सांगतोय आणि लोक वीस वर्षं हसताहेत.

परवा उपांत्य सामना इथं कर्जतलाच झाला. बंदी मोडायची हिंमत नाही आणि घरात बसवत नाही, म्हणून मैदानाच्या भिंतीबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. भिंतीकडे पाठ करून, नियमाप्रमाणे. आत ओरडा झाला की मी टपरीची फळी घट्ट धरून ठेवायचो. गोल झाला, पण कुणी केला? कुणावर झाला? टपरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला की काका, पोरी खेळत्यात, कोनतरी घालनारच की. पाच कप चहा झाला. कर्जत जिंकलं. मी घरी आलो आणि मला तू आठवलास. मी एक सामना असा बसलो, तू एक अख्खा हंगाम बसलास.

वाल्मिक, मला माफ कर. हे फोनवर म्हटलं असतं, पण तुला फोनवर काही ऐकू येत नाही आणि माफी तीनदा ओरडून मागितली की तिचं भांडण होतं.

अंतिम सामना २५ जानेवारीला तुमच्या खालापुरात आहे. बारावी झाली की फिझा कोल्हापूरला शिकायला जाणार, म्हणजे इकडचा तिचा हा शेवटचा सामना. तिला एकदा, फक्त एकदा, नीट खेळताना पाहावं असं फार वाटतं. पण तिनं जिंकावं असं त्याहून जास्त वाटतं. म्हणून मी येणार नाही.

अख्तरचा तुम्हा दोघांना सलाम. तिचं म्हणणं, माझ्यावर ही बंदी कुणीतरी आधीच घालायला हवी होती. लोभ आहे तेवढा राहू दे, मी त्याच्या लायक नसलो तरी.

तुझा,
लियाकत


॥ श्री ॥

मु. पो. खालापूर
२१ डिसेंबर २०२५

प्रिय लियाकत यास,

वाल्मिकचे स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा सुंदराला मोठ्यानं. ती पनवतीपाशी आली तेव्हा तांदूळ निवडता निवडता जी हसायला लागली, ती सूप बाजूला ठेवूनच थांबली. म्हणाली, बरं झालं, येकदा तरी भावजींची जिरली. मी तिला म्हटलं, असं बोलू नये, माणूस दुःखात आहे. मग मीही हसलो.

इकडं बरं आहे. वाल चांगला आलाय, शेंगा भरताहेत, जानेवारीत त्या मडक्यात भरून, जाळात भाजून पोपटी लावू. तुझी अंडी वेगळ्या फडक्यात बांधीन. कान होते तसेच आहेत. मुलानं आणलेलं यंत्र घातलं की त्यात शिट्ट्या वाजतात, म्हणून ते डब्यात ठेवलंय, तिथं त्याला वाजायचं तेवढं वाजू दे. सुंदरा म्हणते, यांना फक्त जेवायला हाक मारली की ऐकू येतं. तेही वासावरून.

माफीबिफीचं काही मनात धरू नकोस. गेटाबाहेर झाड चांगलं होतं, सावली होती, शेंगदाणेवाला गप्पिष्ट होता. मला काही कमी नव्हतं. उलट त्या शेवटच्या सामन्याला तुझा आनंद बघून मलाच भरून आलं होतं. पायातली चप्पल काढून तू वर फेकलीस, ती पुढं बसलेल्या टकल्या गृहस्थाच्या डोक्यावर पडली आणि त्यानं वळून पाहिलं तेव्हा तू शेजारच्या पोराकडं रागानं बघितलंस. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फिझाला अनेक आशीर्वाद. खालापूरच्या पोरी दांडग्या आहेत हे तिला सांग. मी कुणाच्या बाजूचा, हे मला इथं राहायचं असल्यामुळं लिहीत नाही.

अख्तरवहिनींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव. मला दुसरं काही काम नाही आणि तुलाही नाही.

तुझा,
वाल्मिक


७८६

भिसेगाव
२९ डिसेंबर २०२५

वाल्मिक,

स. स. वि. वि. बाकी सगळं नंतर.

चप्पल तुला कशी कळली?

ती गोष्ट मी जगात कुणाला सांगितलेली नाही. अख्तरलासुद्धा नाही. गेटाबाहेर येऊन मी तुला सांगितलं होतं की गर्दीत चप्पल पायातून निघून गेली. तू हळहळलास, ‘नवी होती रं’ असं म्हणालास आणि तुझी एक चप्पल मला दिलीस. आणि एक पाय अनवाणी टाकत माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत आलास. मला ते तुझ्या मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून आजवर पुरलंय. फिझाच्या शाळेत स्नेहसंमेलनात मी ते भाषणातही सांगितलं आहे, चप्पल फेकल्याचा भाग वगळून.

तू गेटाबाहेर झाडाखाली होतास. मैदानाकडे पाठ होती. मध्ये भिंत होती. आणि तुला टकल्या गृहस्थाचं डोकं दिसलं?

खरं काय ते लिही. पत्र मी बैठकीत वाचणार नाही, मोरीत दार लावून वाचीन. या वयात हे दिवस दाखवलेस.

तूर्त तुझाच,
लियाकत


॥ श्री ॥

मु. पो. खालापूर
५ जानेवारी २०२६

प्रिय लियाकत यास,

स. न. वि. वि. खाली बसून वाच. मोरीत असशील तर पाटावर बस.

मी आत होतो. प्रत्येक सामन्याला.

पहिल्या दिवशी मी खरंच झाडाखाली बसलो होतो. अर्ध्या तासानं तहान लागली, नळ आत होता, दारावरच्या माणसानं सोडलं. पाणी प्यायलो, मान वर केली तर समोर सगळं हिरवंगार आणि आपली लाल पोरं पळताहेत. पाय हलेनात. पुढच्या सामन्यापासून मी तू आत गेलास की मागून दुसऱ्या दारानं जाऊ लागलो. तुझ्या समोरच्या बाजूला, सगळ्यात वरच्या पायरीवर, खांबाच्या आडोशाला. तू ओळखू नयेस म्हणून माकडटोपी घालायचो. एप्रिलच्या उन्हात मुंबईत माकडटोपी घातलेला मी एकटाच. लोक मला तापाचा पेशंट समजून लांब बसायचे, त्यामुळं पाय पसरता यायचे. आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की उठून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून, गेटाबाहेर झाडाखाली येऊन बसायचो. तोंड उदास करून. ते मला चांगलं जमायचं.

म्हणजे त्या हंगामातलं मी ती शेवटची पाच-पाच मिनिटं सोडून सगळं पाहिलंय. तुझ्याकडंही बरंच पाहिलंय. तू पेनल्टीला डोळे मिटतोस, हे तुला कुणी सांगितलंय का?

आता विचारशील, सांगितलं का नाहीस. पहिल्या दिवशी सांगणारच होतो. पण तू गेटातून धावत आलास आणि मी तोंड उघडायच्या आत मला मिठी मारलीस. चार लोकांत ओरडून म्हणालास की आजची मॅच माझ्या वाल्मिकनं जिंकली. लियाकत, मला आयुष्यात कुणी कधी काही जिंकल्याचं श्रेय दिलेलं नाही. शाळेच्या कबड्डीत मी राखीव. वीजघरात आपल्या शिफ्टला बक्षीस मिळालं त्या दिवशी मी रजेवर, फोटोत माझ्या जागी कुंडी आहे. आणि इथं तू मला मिठ्या मारत होतास. मी आत बसलो होतो असं सांगितलं असतं तर मी हजारातला एक प्रेक्षक झालो असतो. न सांगता मी हंगाम जिंकून देणारा माणूस होतो. प्रत्येक मिठीला मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. मग पुढच्या सामन्याला परत माकडटोपी.

तेव्हा माफ तूच मला कर. आणि दुसरं असं की पनवतीचं तुझं शास्त्र खोटं आहे. मी सगळं पाहूनही आपण हिंदुस्थानात पहिले आलो. मग तू एक सामना पाहिलास तर फिझाचं काय वाईट होणार?

२५ तारखेला ये. मैदानाच्या कोपऱ्यात मांडवाच्या मागं पाण्याचा टँकर उभा असतो. त्याच्या आडून दोन्ही गोल दिसतात, मी जाऊन बघून आलोय. तुझी जाळीची टोपी लांबून ओळखू येते, तेव्हा ती खिशात ठेव, डोक्याला माझी गांधी टोपी देतो. माझी माकडटोपी आहेच. या विषयातला अनुभव माझा आहे, तू फक्त ऐकायचं.

सुंदरा पोपटी लावतेय. मैत्री ठेवायची की नाही, ते येऊन सांग.

तुझा गुन्हेगार,
वाल्मिक


॥ श्री ॥

मु. पो. खालापूर
२७ जानेवारी २०२६

प्रिय लियाकत यास,

स. न. वि. वि.

पोहोचलास का? रविवारी तू माझा दंड धरून मला रस्त्यापर्यंत ओढत नेलंस, समोर आलेल्या एसटीत चढलास आणि गेलास. तोंड असं झालं होतं की विचारायची छाती झाली नाही. पोपटीचं मडकं तसंच राहिलं. माझी गांधी टोपी तुझ्या डोक्यावर गेली आणि तुझी जाळीची टोपी माझ्या कोटाच्या खिशात सापडली.

कर्जत हरलं एवढं मला विमलबाईनं सांगितलं. तीच ती, मांडवापाशी वड्यांची गाडी लावते. खेळ सुरू व्हायच्या आधीच ती तुला म्हणाली होती की टोपी बदलली तरी नाक लियाकतभाईंचंच हाय. पण हरलं कसं? एका गोलनं मागं होतो, शेवटची मिनिटं होती, आपल्या बाजूनं पेनल्टी मिळाली, फिझानं चेंडू ठेवला, इथवर मी पाहिलं. मग तू मला खांदे धरून टँकरकडं वळवलंस आणि स्वतःही वळलास. मी टँकरचं चाक बघत होतो. ऐकू काही आलं नाही. पुढं काय झालं?

लिहावंसं वाटलं तर लिही. नाही वाटलं तरी खुशालीचं कार्ड टाक.

तुझा,
वाल्मिक


७८६

भिसेगाव
३१ जानेवारी २०२६

प्रिय वाल्मिक,

स. स. वि. वि.

तुला ऐकू आलं नाही म्हणून जे ऐकलं ते सांगतो. आधी शिट्टी. मग सगळं मैदान गप्प. मग ठण्ण असा आवाज, लोखंडी खांबाला चेंडू लागल्याचा. आणि मग जो ओरडा झाला तो आपल्या पोरींचा नव्हता.

मी तुला का वळवलं? तुझं पत्र मला पाठ होतं. तुझी पनवती खोटी, हे मला शंभर टक्के पटलं होतं. पाऊण तास मी सुखानं बघत होतो. काय पळते रे आमची पोर! चेंडू पायाला बांधल्यासारखा. मी तिला इतकं शांतपणे कधी पाहिलंच नव्हतं, एरवी मी रेषेजवळ उभा असतो. पण तिनं चेंडू ठेवला आणि माझ्या मनात आलं की वाल्मिकची पनवती खोटी निघाली, हे ठीक. माझी खरी असली तर? आणि मी, साठ-सत्तर पावसाळे पाहिलेला, डिप्लोमावाला माणूस, टँकरकडे तोंड करून उभा राहिलो. सावधगिरी म्हणून तुलाही उभं केलं. त्या पोरीचा इथला शेवटचा फटका मला बघायचा होता, त्यासाठी दुसऱ्याची टोपी घालून आलो होतो, आणि मी काय पाहिलं? चाकाचे नट. सहा आहेत, त्यातला एक नाही.

आता मला छळतंय ते वेगळंच. मी सबंध सामना पाहिला म्हणून ती हरली, की ऐन वेळी वळलो म्हणून हरली? दोन्हीकडून मीच.

ती घरी आली, जेवली, अभ्यासाला बसली. मला तिच्याकडे बघवत नाही. अख्तरला वाटतं मला अपचन झालंय, ती मला ओवा देतेय आणि मी तो खातोय. मी ठरवलंय की फिझाचा सामना पुन्हा कधी पाहायचा नाही. आडून नाही, उघडपणे नाही. कोल्हापूरला ती खेळेल, बातमी कळेल, तेवढं बस झालं. तू त्या हंगामात आत शिरलास ते बरं केलंस. माझ्यासारख्याचं ऐकायचंच नसतं.

तुला माफ कधीच केलं आहे. उलट राग एवढाच की तू शेवटची पाच मिनिटं माझ्या मिठीसाठी सोडत राहिलास आणि मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर मीच पाच मिनिटं आधी बाहेर आलो असतो.

टोपी जपून ठेवलीय. धुवून, घडी घालून. लोभ कमी करू नकोस, सध्या मला त्याची गरज आहे.

तुझा,
लियाकत


कोल्हापूर
२० जुलै २०२६

ती. वाल्मिकआजोबांना,

फिझाचा सलाम आणि सा. न. वि. वि.

मी असं पत्र पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे वरचं सगळं तुमच्या पत्रांवरून उचललं आहे. हो, तुमची पत्रं मी वाचली. रागावू नका. नाना ती, स्वतःच्या पत्रांच्या नकलांसकट, कपाटात लुंग्यांच्या खाली ठेवतात आणि ते कपाट नानी लावते. निघताना तिनं सगळा गठ्ठा माझ्या बॅगेत टाकला आणि म्हणाली की हे दोघं मरेपर्यंत एकमेकांची माफी मागत बसतील, तूच काहीतरी कर.

तेव्हा करते. हे पत्र मी तुम्हाला लिहितेय, पण कर्जतला जाऊन नानांना मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तुमचं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे तुम्ही मोठ्यानंच वाचाल.

एक. नाना पनवती नाहीत. मी त्यांना यायला मनाई केली, कारण ते रेषेजवळ उभे राहून सबंध वेळ ओरडतात. मागे ये, पुढे जा, डावीकडे बघ, आणि एकदा तर पाणी पी. आमच्या सरांनी मला विचारलं होतं की कोच नक्की कोण आहे. मला लाज वाटायची. ओरडू नका म्हटलं असतं तर ते ऐकणार नव्हते. पण पनवती म्हटलं की ते निमूट ऐकतील हे मला माहीत होतं. तुमची दोन हजार सहाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेव्हा चूक माझी आहे. ते टपरीवर पाच कप चहा पीत पाठ करून बसले, हे मला पत्रात वाचून कळलं आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले.

दोन. त्या दिवशी मला तुम्ही दोघं दिसलात. पहिल्या दहा मिनिटांत. जानेवारीतल्या दुपारी माकडटोपी घातलेला माणूस लपतो असं तुम्हाला वाटतं, याचं मला आश्चर्य वाटतं. आणि नानांना गांधी टोपीत पाहून मी समोरून आलेला एक सोपा पास सोडला. त्यातूनच तो एकमेव गोल आमच्यावर झाला. पण नाना पहिल्यांदाच ओरडत नव्हते, नुसते बघत होते. ते बघताहेत या विचारानं मी त्या दिवशी जशी पळाले तशी कधी पळाले नाही.

तीन. पेनल्टी. चेंडू ठेवला आणि मी टँकरकडे पाहिलं. मला वाटलं, आता नानांचे डोळे मिटलेले दिसतील, ते चालेल. पण दिसल्या दोन पाठी. सगळ्या मैदानावर माणसांचे चेहरे होते, आणि माझ्या माणसांच्या पाठी. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. मग मी मारला तो खांबाला लागला. आजोबा, त्याला कारण तुम्ही नाही. मी नेहमी खांबाच्या फार जवळ मारते, सर दोन वर्षं सांगताहेत, इथले सरही तेच सांगतात. पण नानांना एवढं सांगा की तुम्ही दोघंही बघत नव्हता, तरी मी हरले. आता बोला म्हणावं.

इथल्या कॉलेजच्या संघात माझी निवड झाली आहे. रविवारी १६ ऑगस्टला पहिला सामना आहे. कोल्हापुरात मुलींच्या सामन्यालासुद्धा लोक येतात आणि नानांपेक्षा मोठ्यानं ओरडतात, त्यामुळे नानांनी मनसोक्त ओरडलं तरी कुणाला कळणार नाही. पहिल्या ओळीत दोन जागा मी सांगून ठेवल्या आहेत. या. मी जिंकेन असं कबूल करत नाही. हरले तर तुमच्या तोंडासमोर हरेन. मला मागच्या वेळी ते हरणं नाही लागलं, एकटीनं हरणं लागलं.

आणि वाल्मिकआजोबा, तुमच्यासाठी वेगळी अट. शेवटची पाच मिनिटं उठून जायचं नाही. मिठी मैदानातच मिळेल.

सुंदराआजींना सलाम. माझ्यावर लोभ आहेच, तो फक्त माझ्याकडे तोंड करून असू द्या.

तुमची नात,
फिझा

ता. क. त्या टँकरच्या चाकाला नट सहा, त्यातला एक नाही, हे नानांनी बरोबर मोजलं; सामन्यानंतर पाणी प्यायला गेले तेव्हा मीही पाहिलं. पुढच्या वेळी गोल मोजा म्हणावं.


(पोस्टकार्ड)

७८६

भिसेगाव
२९ जुलै २०२६

प्रिय वाल्मिक,

स. स. वि. वि. परवा तू इथं येऊन पत्र इतक्या मोठ्यानं वाचलंस की शेजारची संध्या, तिची सासू आणि समोरचा किराणावाला, तिघांनीही कोल्हापूरला जायला हवं असं मत दिलं. रडलो ते कांद्यामुळं, असं मी अख्तरला सांगितलंय. घरात त्या दिवशी कांदा नव्हता, पण तू काही बोलू नकोस.

शनिवार १५ ऑगस्टच्या कोल्हापूरच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. माकडटोपी आणलीस तर गाडीतून खाली टाकीन. तुझी गांधी टोपी इस्त्री करून पिशवीत ठेवली आहे, माझी तू आण. या वेळी ज्याची टोपी त्यानं घालायची, आणि पाठ कुणी करायची नाही.

तुझा,
लियाकत